डांबरगोळीचा हिशेब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने रसायनशास्त्रावर लिहावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. लेखाचा विषय सांगितला तेव्हा आमच्या वर्गातले मित्र हसलेच. "जमाखर्च सोडून हे काय नवीन?" असे एकाने विचारले. त्यावर माझे उत्तर एवढेच, की हा लेख जमाखर्चाचाच आहे. माझ्या हातून एक हिशेब चुकला आणि तो कुठे चुकला हे कळायला मला रसायनशास्त्राच्या दारात जावे लागले. तिथे जे पाहिले, ऐकले, ते मला इतके आवडले की सांगितल्यावाचून राहवत नाही. विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांनी चुकभूल द्यावी घ्यावी.

मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातील पार्से गावचा. वडिलांचे तिथे लहानसे किराणा दुकान आहे. आई खानापूरकडची. पहिली चार वर्षे गावातल्या मराठी शाळेत काढली आणि पाचवीपासून बेळगावला मामांकडे राहून मराठी माध्यमातूनच शिकलो. शाळेत मराठी, गल्लीत कानडी आणि सुट्टीत घरी गेलो की कोंकणी, असा माझा संसार. दहावीनंतर विज्ञान शाखा घ्यावी असे फार मनात होते. परंतु सगळी पुस्तके एकदम इंग्रजीत येणार या भीतीने मी वाणिज्य शाखेचा अर्ज भरला. अर्थात वाणिज्य शाखेतही पुस्तके इंग्रजीतच निघाली, ही गोष्ट वेगळी!

आता मूळ गोष्टीकडे वळतो. बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला असताना चतुर्थीच्या सुट्टीत मी गावी गेलो होतो. नुकताच हिशेबतपासणीचा वारा लागलेला. दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्या की जगात सर्व काही ठीक चालले आहे, असे मला तेव्हा वाटे. घरात माटोळीची तयारी चालली होती आणि मी दुकानात मालाची मोजदाद काढत बसलो होतो. तांदूळ, डाळी, गूळ, साबण सगळे जुळले. फक्त डांबरगोळ्या जुळेनात.

आमच्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, कसर लागते. त्यामुळे डांबरगोळ्यांना मागणी असते. मे महिन्यात बाबांनी म्हापशाहून पाच किलो सुट्या गोळ्या आणल्या होत्या. गोणपाटाच्या पिशवीत त्या ठेवलेल्या आणि गिऱ्हाईक येईल तशा पन्नास, शंभर ग्रॅम वजनाने विकलेल्या. वहीप्रमाणे विक्री दोन किलो चारशे ग्रॅम. म्हणजे दोन किलो सहाशे उरायला हव्या होत्या. तराजूत भरल्या एक किलो नऊशे. सातशे ग्रॅमचा खड्डा!

मी दोनदा वजन केले. मग मोठ्या आवाजात, जणू काही परीक्षेत पहिला आलो आहे अशा थाटात, बाबांना सांगितले, "सातशे ग्रॅम माल गेलाय. वहीत नाही आणि पिशवीतही नाही." दुकानात माझ्याच वयाचा एक मुलगा कामाला होता. तेरेखोल नदीपलीकडच्या एका गावचा. दोन वर्षे त्याने दुकान सांभाळले होते. तो मागच्या बाजूला तांदूळ निवडत होता. बाबांनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात एवढेच म्हणाले, "लक्ष दवर हां."

आवाज हळू होता, पण दुकानही लहान होते. चतुर्थीसाठी तो घरी गेला तो परत आला नाही. दुसरीकडे काम मिळाले, असा निरोप कोणाकडून तरी पाठवला. त्याला कोणी चोर म्हटले नव्हते. म्हणण्याची गरजच पडली नाही. मी मात्र त्याचे न येणे हा पुरावाच धरला आणि हिशेब मिटला असे समजून बेळगावला परतलो.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीतली गोष्ट. मामांकडे साफसफाई चालली होती. माझी मामेबहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, धारवाडला रसायनशास्त्रात एम. एस्‌सी. करून आता एका महाविद्यालयात शिकवते. तिने मामीच्या शालूची ट्रंक उघडली. कोपऱ्यात जुन्या पातळाच्या तुकड्याची एक पुरचुंडी होती, गाठ मारलेली. सोडून पाहिली तर आत काहीच नाही. नुसता वास. मी विचारले, "यातल्या गोळ्या कोणी काढल्या?"

अक्का हसली. "काढतंय कोण? उडून गेल्या की रे!"

मी हातात ती रिकामी पुरचुंडी घेऊन उभा राहिलो. गाठ तशीच होती. आणि मला एकदम पार्से येथली गोणपाटाची पिशवी दिसली.

वाचकहो, खरी शरमेची बाब पुढेच आहे. हे मला शिकवलेले होते. शाळेत 'संप्लवन' या शब्दाची व्याख्या मी पाठ केली होती: स्थायूचे द्रव न होता एकदम वायूत रूपांतर होणे. उदाहरणे: कापूर, नॅफ्थलीन, आयोडीन. दोन गुणांचा प्रश्न आणि मला दोनपैकी दोन मिळाले होते. इतकेच नव्हे, तर बी. कॉम.च्या पहिल्याच वर्षी कन्साइनमेंटच्या धड्यात 'सर्वसाधारण घट' शिकलो होतो. गळती, बाष्पीभवन, सुकणे यांमुळे माल आपोआप कमी होतो आणि तो कोणाच्या नावे टाकायचा नसतो, हे मी उदाहरणे सोडवून दाखवू शकत होतो. विज्ञानाच्या पुस्तकातले नॅफ्थलीन म्हणजे आमच्या पिशवीतली डांबरगोळी आणि धड्यातली घट म्हणजे आमचे सातशे ग्रॅम, हे मात्र मला सुचले नाही. विद्या दोन कप्प्यांत होती. मधली भिंत मी कधी ओलांडली नव्हती.

अक्काला मी सगळे सांगितले. ती काही बोलली नाही. फक्त म्हणाली, "आता चुकलास तर नीट समजून तरी घे. गोळी का उडते?"

त्या दिवाळीत रोज रात्री जेवणानंतर ती मला समजावून सांगे. मराठीत सुरुवात होई, मध्येच कानडी येई आणि पारिभाषिक शब्द आला की इंग्रजी. पुढे लिहितो ते तिच्याकडून आणि नंतर तिने दिलेल्या पुस्तकांतून मिळवलेले.

डांबरगोळीतले नॅफ्थलीन दगडी कोळशाच्या डांबरातून काढतात, म्हणून आपण तिला डांबरगोळी म्हणतो. त्याचा एक रेणू म्हणजे दहा कार्बन आणि आठ हायड्रोजन. कार्बनची दोन षट्‌कोनी कडी एका बाजूने जोडलेली. हा रेणू बशीसारखा चपटा असतो. बेंझीन, नॅफ्थलीन, अँथ्रासीन ही सगळी या षट्‌कोनी कड्यांची मंडळी. त्यांना अॅरोमॅटिक म्हणतात, कारण पहिल्यांदा सापडलेल्या अशा पुष्कळ पदार्थांना वास होता. रेणूच्या आतले अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. परंतु एका रेणूने शेजारच्या रेणूला धरणे हे फारच सैल असते. म्हणून खोलीतल्या साध्या उबेनेही पृष्ठभागावरचे रेणू एकेक करून सुटतात आणि हवेत जातात. तो वास म्हणजेच ते सुटलेले रेणू. दुकानात शिरल्याबरोबर डांबरगोळीचा वास येत होता तेव्हा माझे सातशे ग्रॅम माझ्या नाकावरूनच जात होते!

आता हे चपटे रेणू गोळीच्या स्फटिकात कसे बसलेले असतात? मला वाटले, बशा रचतो तसे एकावर एक. अक्का म्हणाली, "नाही. बांगडा खातोस ना? त्याचा काटा आठव." मधल्या कण्याच्या दोन्ही बाजूंना काटे तिरपे जातात, तशा या बशा एक या अंगाला आणि दुसरी त्या अंगाला कललेल्या असतात. याचे कारण असे, की प्रत्येक बशीच्या सपाट बाजूवर ऋण विद्युत्‌भार असलेल्या इलेक्ट्रॉनांचा विरळ थर असतो आणि कडेला हायड्रोजनमुळे किंचित धनभार. सपाट बाजूला सपाट बाजू बरोबर समोरासमोर आली तर दोन्ही थर एकमेकांना दूर लोटतात. म्हणून एकीची कड दुसरीच्या सपाट बाजूकडे वळते.

हे कोणी डोळ्यांनी पाहिलेले नाही. क्ष-किरणांनी शोधलेले आहे. १९१२ साली जर्मनीत माक्स फोन लाउए यांच्या सूचनेवरून स्फटिकातून क्ष-किरण पाठवले गेले आणि फोटोच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली. त्या नक्षीवरून आतली रचना ओळखण्याची रीत इंग्लंडच्या ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ पासून घालून दिली. ही रीत मला नीट कळेना. तेव्हा मला आमचा नेहमीचा प्रवास उपयोगी पडला. पेडण्याहून सावंतवाडी, आंबोली करून बेळगावला येताना वाटेत सुपारीच्या बागा लागतात. गाडी चालू असताना झाडे आधी विस्कळीत दिसतात, पण एखाद्या कोनातून पाहिले की एकदम सरळ रांगा होतात. पुढच्या क्षणी त्या मोडतात आणि दुसऱ्या कोनात नव्या रांगा दिसतात. कोणत्या कोनांत रांगा दिसल्या आणि त्यांच्यात अंतर किती, हे टिपून ठेवले तर बागेत न उतरताही झाडांची मांडणी कागदावर काढता येईल. क्ष-किरण हेच काम रेणूंच्या बागेत करतात.

आपल्या अभिमानाची गोष्ट अशी, की डांबरगोळीच्या या बागेचा नकाशा काढणाऱ्यांत एक भारतीय अगदी पुढे होता. कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत, जिथे १९२८ साली रामन परिणामाचा शोध लागला, तिथेच केदारेश्वर बॅनर्जी यांनी १९३० च्या सुमारास नॅफ्थलीन आणि अँथ्रासीन यांच्या स्फटिकांची रचना मांडली. हाताशी गणकयंत्र नाही, सगळी आकडेमोड कागदावर. आम्ही वाणिज्यचे विद्यार्थी आकडेमोडीचा उगाच गर्व करतो!

इथपर्यंत एकट्या नॅफ्थलीनची कथा झाली. परंतु अक्काचा खरा जिव्हाळ्याचा विषय पुढचा होता. अशा दोन वेगवेगळ्या अॅरोमॅटिक पदार्थांना एकत्र आणले तर काय होते?

तिने मला एक आकड्यांचे कोडे घातले. नॅफ्थलीन ८० अंश सेल्सियसला वितळते. पिक्रिक आम्ल नावाचा एक पिवळा पदार्थ आहे, तो १२२ अंशांना वितळतो. दोन्ही सम प्रमाणात गरम अल्कोहोलमध्ये विरघळवून थंड केले की सोनेरी पिवळ्या सुयांसारखे स्फटिक पडतात. ते किती अंशांना वितळतील? मी व्यापारी रीतीने सरासरी काढली, १०१. अक्का म्हणाली, "साध्या मिश्रणाचा द्रवणांक तर दोघांपेक्षाही खाली उतरतो. पण हे स्फटिक सुमारे १५० अंशांना वितळतात." दोघांपेक्षा जास्त! जे नॅफ्थलीन एकटे असताना पुरचुंडीतून उडून जाते, ते जोडीदार मिळाल्यावर इतके घट्ट बसते. दुसरे उदाहरण रंगाचे. अँथ्रासीन जवळजवळ पांढरे, पिक्रिक आम्ल पिवळे आणि दोघांचे मिळून होणारे स्फटिक लाल! पांढरा अधिक पिवळा बरोबर लाल, अशी बेरीज आमच्या कोणत्या वहीत बसेल?

अशा जोडीला रेणूसंकुल किंवा आण्विक संकुल म्हणतात. कोळशाच्या डांबरातले निरनिराळे पदार्थ ओळखायला रसायनशास्त्रज्ञ ही युक्ती फार पूर्वीपासून वापरत. कारण प्रत्येकाच्या पिक्रिक जोडीचा रंग आणि द्रवणांक ठरलेला. काम झाले की अमोनियाच्या पाण्याने धुवून पिक्रिक आम्ल काढून टाकायचे आणि मूळ पदार्थ जसाच्या तसा परत घ्यायचा. ना त्याचा एक अणू कमी, ना एक जास्त.

हे मला पाहायचे होते. पण कोरडे पिक्रिक आम्ल स्फोटक असते. पहिल्या महायुद्धात ते तोफगोळ्यांत भरत. त्यामुळे अक्काने त्याला साफ नकार दिला आणि वरिष्ठांची परवानगी काढून सुट्टीनंतर मला तिच्या प्रयोगशाळेत दुसरी जोडी दाखवायला नेले. जन्मात पहिल्यांदा मी महाविद्यालयाच्या रसायनशाळेत पाऊल टाकले. तिने दोन चंचुपात्रे घेतली. एकात क्विनोन, पिवळे, डोळ्यांना झोंबणाऱ्या वासाचे. दुसऱ्यात हायड्रोक्विनोन, पांढरे, पूर्वी फोटो धुण्यासाठी वापरत ते. दोन्हींचे द्रावण एकत्र केले. थोड्या वेळात भांड्यात गडद हिरव्या, जवळजवळ काळ्या सुया तरंगू लागल्या. गाळून कागदावर घेतल्या तर त्यांना चक्क धातूसारखी चमक होती. पिवळा आणि पांढरा यांतून हा रंग येतो, हे डोळ्यांदेखत घडले नसते तर मी मानले नसते. हा पदार्थ क्विनहायड्रोन. फ्रीडरिश व्होलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८४४ साली तो तयार केला. आणि आतली मांडणी कळायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. १९५८ साली जपानी संशोधकांनी ती क्ष-किरणांनी उलगडली.

ती मांडणी कशी असते? इथे मला माझ्या बशा परत मिळाल्या. दुकानात काचेच्या बशा येतात तेव्हा दोन बशांमध्ये एक कागद असतो. बशी, कागद, बशी, कागद अशी चळत. या जोड्यांच्या स्फटिकांत बहुतेक वेळा अशीच चळत असते. एक रेणू नॅफ्थलीनचा, त्यावर एक दुसऱ्याचा, पुन्हा नॅफ्थलीनचा. एकट्या नॅफ्थलीनला सपाट बाजू समोरासमोर आणणे जमत नव्हते, कारण दोन्हीकडे इलेक्ट्रॉनांची श्रीमंती. पिक्रिक आम्लाच्या कड्याला नायट्रोजन-ऑक्सिजनचे तीन गट असतात. ते इलेक्ट्रॉन बाहेर ओढून घेतात, त्यामुळे त्याची सपाट बाजू इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत गरीब असते. एक श्रीमंत, एक गरीब. म्हणून ते समोरासमोर जवळ येतात. क्विनहायड्रोनमध्ये याखेरीज शेजारचे रेणू हायड्रोजनच्या द्वारे कडेनेही हात धरतात.

पूर्वी पुष्कळांचा असा समज होता, की एवढा रंग बदलतो त्या अर्थी दोघांमध्ये नेहमीचा रासायनिक बंध तयार होत असला पाहिजे. १९४३ साली ऑक्सफर्डमध्ये हर्बर्ट पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा काही जोड्यांचे क्ष-किरणांनी मोजमाप केले. एकाच रेणूतले शेजारचे दोन कार्बन सुमारे दीड अँगस्ट्रॉम अंतरावर असतात. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. जोडीतल्या दोन सपाट रेणूंत मात्र तीन अँगस्ट्रॉमपेक्षा जास्त अंतर असते, साधारण सव्वातीन ते साडेतीन. नेहमीच्या बंधाला हे अंतर फार मोठे. म्हणजे दोघे एकमेकांत मिसळलेले नाहीत, कोणी कोणाचे काही मोडलेले नाही. शेजारी आहेत, एवढेच. मग रंग कुठून येतो? त्याचा उलगडा अमेरिकेतल्या रॉबर्ट मलिकन यांनी १९५० नंतर केला. प्रकाश पडला की तो श्रीमंत रेणूतला एक इलेक्ट्रॉन उचलून क्षणभर गरीब रेणूकडे नेतो. या कामात प्रकाशातला जो भाग खर्च होतो तो वजा जाऊन उरलेला रंग आपल्याला दिसतो. मलिकन यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते रासायनिक बंधांवरील व रेणूंच्या इलेक्ट्रॉनी रचनेवरील कामासाठी. लाल रंग ना अँथ्रासीनचा, ना पिक्रिक आम्लाचा. तो दोघांच्या मधल्या देवघेवीचा.

मला सर्वांत आवडलेली जोडी मात्र बिनरंगाची आहे. बेंझीन हा द्रव साडेपाच अंशांना गोठतो. त्याच्या सहाही हायड्रोजनांच्या जागी फ्लोरिन घातले की होणारे हेक्साफ्लुरोबेंझीन पाच अंशांच्या आसपास गोठते. हे दोन पाण्यासारखे द्रव सम प्रमाणात एकत्र ओतले, की मिश्रण चोवीस अंशांच्या आसपासच गोठून घट्ट होते. ही गोष्ट १९६० साली प्रसिद्ध झाली. म्हणजे बेळगावच्या थंडीत दोन बाटल्यांतले दोन द्रव, ओतून एक केले की दगड! कारण पुन्हा तेच. एकाच्या कडेला धनभार आणि मध्ये ऋण, दुसऱ्याचे नेमके उलट. म्हणून आलटून पालटून चळत.

प्रयोगशाळेतून घरी येताना मी अक्काला म्हटले, "यात माझ्या वहीची पंचाईत आहे. नुसते मिश्रण असो की ही जोडी असो, वहीत दोन्ही सारखेच दिसणार. नॅफ्थलीन इतके, पिक्रिक आम्ल तितके. वजन तेच, बेरीज तीच." ती म्हणाली, "बरोबर. किती आहे ते वही सांगते. कोण कोणाशेजारी कसा बसलाय, ते सांगत नाही. ते बघायला क्ष-किरण लागतात."

हे वाक्य माझ्या मनात राहिले आहे. हिशेबात बेरीज असते, मांडणी नसते. आमच्या दुकानाच्या वहीत त्या मुलाच्या नावावर महिन्याचा पगार तेवढा होता. सकाळी बाबांच्या आधी येऊन फळ्या तो काढी, कोणत्या म्हातारीला घरपोच सामान द्यायचे ते त्याला पाठ असे, पावसात गोणी भिजू नये म्हणून ताडपत्री तो ओढून घेई. यातले काहीच कोणत्या रकान्यात नव्हते. तो गेल्यावर खर्चाची बाजू कमी झाली, म्हणजे वहीच्या दृष्टीने फायदाच! बाबा मात्र त्या वर्षी थकलेले दिसू लागले.

या विषयावर आज पुष्कळ काम चालते. रेणूंच्या या ओढीचा उपयोग करून पाहिजे तसा स्फटिक आधीच योजून बनवायचा, या शास्त्रावर गौतम देसिराजू यांनी १९८९ साली लिहिलेला ग्रंथ जगभर वाचला जातो. ते त्या वेळी हैदराबादला होते, पुढे बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. औषधांच्या जगात याला मोठा भाव आहे. एखादे औषध पाण्यात नीट विरघळत नसेल तर त्याला निरुपद्रवी जोडीदार देऊन दोघांचा मिळून स्फटिक बनवतात. औषध तेच राहते, पण विरघळण्याची रीत बदलते. गोव्यात औषधांचे कारखाने पुष्कळ आहेत, तेव्हा हा विषय आम्हां पेडणेकरांना तितकासा परका नाही.

एक गंमत सांगून हा भाग संपवतो. सगळ्याच जोड्या आलटून पालटून बसत नाहीत. १९७३ साली टी. टी. एफ. आणि टी. सी. एन. क्यू. अशी आद्याक्षरांची नावे असलेल्या दोन चपट्या सेंद्रिय रेणूंचे काळे स्फटिक फार गाजले. त्यांत श्रीमंतांची चळत वेगळी आणि गरिबांची वेगळी, अशा दोन चळती शेजारी शेजारी उभ्या असतात. इलेक्ट्रॉनांची देवघेव एका चळतीतून दुसरीत होते आणि मग त्या स्फटिकातून धातूसारखी वीज वाहते. आपल्या या वार्षिकात मराठी विभाग वेगळा आणि कन्नड विभाग वेगळा छापतात, याबद्दल मी पूर्वी कुरकुर करीत असे. आता करीत नाही. मधून देवघेव चालू असली म्हणजे झाले. 'जोडी' हा शब्द दोन्ही विभागांना सारखाच समजतो. आणि अक्काला अक्का म्हणताना मी मराठी बोलतो आहे की कानडी, हे मला आजवर कळलेले नाही.

गेल्या चतुर्थीला घरी गेलो तेव्हा बाबांना सगळे सांगितले. त्यांनी मध्ये एक शब्द काढला नाही. मग उठून जुनी वही काढली, ते पान उघडले आणि माझ्याच अक्षरात 'कमी माल ७०० ग्रॅम' असे लिहिले होते त्यापुढे पेनाने लिहिले, 'घट'. वही मिटून म्हणाले, "त्याला सांगून ये."

तो आता हरमलला एका हॉटेलात काम करतो. दुपारी गिऱ्हाईक कमी असते अशी वेळ साधून गेलो. काय बोलायचे ते बसमध्ये पाठ केले होते. संप्लवन, रेणू, सैल ओढ, सगळे. त्याच्यासमोर उभा राहिल्यावर त्यातले काही आठवेना. एवढेच म्हणालो, की डांबरगोळ्या आपोआप उडून जातात, माझी मोजदाद चुकली होती, मला माफ कर.

तो टेबल पुसत होता. पुसायचा थांबला नाही. म्हणाला, "गोळये बारीक होतत, ह्या माका ठावक होता. तुमी इचारूकच नाय."

त्याला ठाऊक होते! पिशवीत रोज हात घालणारा तो होता. मे महिन्यात मोठी असलेली गोळी श्रावणात लहान झाली हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. कलकत्त्याला जे क्ष-किरणांनी शोधले गेले त्याचे एक टोक आमच्याच दुकानात त्याच्या बोटांना लागले होते. मी नववीचे पुस्तक वाचले होते, कन्साइनमेंटचा धडा वाचला होता आणि तराजूही दोनदा पाहिला होता. त्याला मात्र विचारले नव्हते.

त्याने मला चहा दिला. पैसे घेतले नाहीत. दुकानात परत येशील का, असे मी विचारले नाही, कारण हॉटेलात त्याला पगार चांगला आहे. निघताना तो म्हणाला, "बाबांका सांग, गोळये डब्यात ठेवा, झाकण लावन."

आता आमच्या दुकानात डांबरगोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात असतात. यंदाची मोजदादही मीच केली. मालाच्या यादीत मी एक नवा रकाना आखला आहे. त्याचे नाव 'विचारले काय?' असे ठेवले. बाबा हसले, पण रकाना त्यांनी खोडला नाही.